बिनपाऱ्याचा ठिपका

मित्रांनो, मी जुना आरसा आहे, पण फुटका नाही. माझ्या मधोमध हरभऱ्याएवढा ठिपका आहे. तेवढाच पारा मुद्दाम काढलेला. डाग म्हणणाऱ्यांनी आधी आपले डोळे तपासून घ्यावेत.

ही युक्ती गाऊसची. दोनशे वर्षांपूर्वीचा जर्मन माणूस, आकाशाचा आणि गणिताचा मोठा जाणकार. दूरच्या खिडकीवरचं ऊन त्याच्या डोळ्यांत गेलं. दुसरा कुणी डोळे चोळत बसला असता. यानं जमीन मोजायला आरसा केला, कोसांवरच्या माणसाला नेमकं ऊन दाखवणारा. मी त्याच घडणीचा. जमीन मोजणाऱ्या सर्व्हेच्या इंग्रज साहेबांबरोबर टेकड्या चढलो. मला वाहणारा खलाशी, म्हणजे सर्व्हेचा हमाल, येडू, सांगोल्याकडचा. कागदांवर साहेबांची नावं आली, येडूचं कुठंच नाही. मी मोडीत निघालो तेव्हा त्यानंच मला घरी आणलं.

आज मी सोलापुरात, अक्कलकोट रोडला, त्याच्या पणतूच्या, अजिनाथच्या भिंतीवर आहे. अजिनाथच्या आईचे, म्हाळसाबाईंचे कान टॉवेल विणणाऱ्या मागांच्या खडखडाटानं नेले. आता त्या मैलभर लांबच्या माळावर शेळ्या राखतात. फोन ऐकू येत नाही. म्हणून दुपारी नात पूनम मला गच्चीवर नेते. ठिपक्यातून आजीला हेरते, त्या रेषेत खुणेची काठी उभी करते आणि माझ्यावरून परतलेल्या उन्हातली ठिपक्याची सावली खुणेवर येईपर्यंत मला कलवते. मग ऊन थेट आजीवर. म्हणजे जेवायला या.

पूनमच्या साखरपुड्याआधी अजिनाथनं मला खिळ्यावरून काढलं. पाहुण्यांपुढं डागी आरसा नको, नवा पारा मारून आणतो म्हणाला. मी गार पडलो.

"आन् आजीला कसं बोलवायचं?" पूनमनं विचारलं.

"मला न्हाय कदी गरज लागली आरशाची."

"लागंल की. मी सासरी गेल्यावर तुमीच बोलवायचं हाय तिला."

 अजिनाथ मला घेऊन गच्चीवर चढला. सावली खुणेवर ठरता ठरेना. ठरली, तेव्हा माळावरची ती बारकी आकृती उठून उभी राहिली.

म्हाळसाबाई आल्या. दारात चप्पल काढतानाच म्हणाल्या, "आज कुनी बोलावलं? ऊन लई हालत हुतं."

  अजिनाथनं शर्टाच्या बाहीनं ठिपका पुसला आणि मला परत खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूत उणं दिसलं की बुजवायला धावू नका. आधी त्यातून पाहा. पलीकडे कुणीतरी हाकेची वाट बघत बसलेलं असतं.