वीस मिनिटांचा वाडगा

मी कुत्र्याच्या जेवणाचा वाडगा बोलतोय. फार जवळ येऊ नका, वास मारतो. मला स्वतःलाच माझी किळस येते, तुमची काय कथा!

मी साधासुधा वाडगा नाही हं. माझ्या तळाला नागमोडी भिंती आहेत आणि मधे खोल खाचा. हावरट कुत्र्याने जेवण गपकन गिळू नये, जिभेने उकरत सावकाश खावं, म्हणून मला असं घडवलंय. साच्यातून निघालो तेव्हा काय हिरवागार, चकचकीत होतो म्हणून सांगू!

मला घेतलं एका घड्याळजीने. त्याचा कुत्रा भोपळ्या, नावासारखाच गरगरीत. चाळीस सेकंदांत जेवण फस्त करायचा, लगेच ओकायचा आणि तेच परत चाटायचा. शी!

दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, "बाहेर ठेवणार असाल तर उथळ खाचांचा घ्या. या थंडीत खोल खाचांतलं ओलं अन्न गोठतं."

"छे हो! जितकं खोल, तितका वेळ जास्त," असं म्हणून त्याने मलाच उचललं.

भोपळ्या घरात झोपायचा, पण घड्याळजीच्या बायकोला मांसाचा वास सहन होत नसे, म्हणून जेवण मागच्या पायरीवर. बाहेर बादलीतलं पाणी दगड झालेलं. घड्याळजी माझ्यात मांसाचा ओला लगदा ओतायचा आणि घड्याळ घेऊन दाराच्या आत, उबेत उभा राहायचा.

"अगं, वीस मिनिटं! वीस मिनिटं खातोय!"

खातोय कसला, डोंबल! वरवरचे दोन घास चाटून झाले की खालचं सगळं गोठलेलं. बिचारा माझ्या भिंतींवर जीभ घासत राहायचा. जीभ सोलवटली, तरी चाटायचा. एकदा तर माझ्या हिरव्या कडेवर रक्ताचा थेंब दिसला. मला ओरडावंसं वाटलं, पण वाडग्याला कुठलं तोंड?

उरलेलं बघून घड्याळजी म्हणायचा, "सावकाश खाल्लं की थोडक्यात पोट भरतं." मग त्यावरच दुसऱ्या दिवशीचं ओतायचा. मला घासणं तर दूरच. दुपारी ऊन आलं की वरचा थर जरा सुटायचा, तेलकट बुळबुळीत व्हायचा, आंबायचा. माणसं स्वतःच्या ताटाला खरकट्याचा कण चालवून घेत नाहीत, आणि मी मात्र आठ-आठ दिवसांचं पोटात घेऊन बसलेलो. थू!

महिन्याभराने घड्याळजीची मोठी बहीण आली. भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चपापलीच.

"अरे, हा भोपळ्या? बरगड्या लागतायत हाताला!"

"ताई, आता वीस मिनिटं खातो तो. ओकत पण नाही."

"ओकायला पोटात काही असावं लागतं रे!"

ती तरातरा मागे आली, मला उचललं आणि उलटं धरलं. एक कणसुद्धा खाली पडला नाही. सगळं माझ्यातच होतं.

घड्याळजीने त्याचा बारीक चिमटा आणला आणि खाचेतून एकेक थर काढू लागला. परवाचं, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं. चौथ्या थराला त्याचा हात थांबला. पायरीवरच बसला तो. "मी घड्याळच बघत राहिलो, ताई," एवढंच बोलला आणि डोळे पुसले.

त्या दिवसापासून भोपळ्या स्वयंपाकघरात जेवतो. बायकोने स्वतःच जागा करून दिली. घड्याळजी कोमट घास तळहातावर धरतो, एक संपला की दुसरा. घड्याळ काढून फडताळावर ठेवलेलं असतं.

मी कुंपणापाशी पडलोय, थंडीने तडकलेला. मला घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण आधी खाचेत बोट घालून बघा, तळाला पोचतं का. उबेत ठेवा. रोज घासा, निदान स्वतःचं ताट घासता तसं.

काल भोपळ्या इथून गेला. आता जरा भरलाय. मला हुंगलं, शेपूट पायांत घातली आणि पळाला.

त्याचं काही चुकलं नाही. रोज भरलेला असून मी त्याला उपाशी ठेवलं.