चालून दाखवा

"पोळ्याच्या बैलागत सजवायलीय मला," आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "आता तेवढं बाशिंग बांध म्हणावं."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई. काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला आणि कमरेपासून घोट्यापर्यंत चमकणारे बारके गोळे चिकटवलेले. चिकटवणारी माझी भाची मैथिली. ती गुडघ्यांवर संशोधन करते. चालताना गुडघ्याच्या कुठल्या बाजूवर किती भार येतो, तिथंच झीज का होते, हे या गोळ्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांनी मोजते. आधी खेळाडूंचे गुडघे मोजायची. आता खुरपणीला उकिडवं बसण्यात ज्यांची हयात गेली, त्या बायकांचे मोजायला अणदूरला आली होती. कॅमेरे आमच्या खळ्यात मांडले होते. अख्खी गल्ली लोटली, आणि तीही ठेवणीतली लुगडी नेसून.

मैथिली "चालून दाखवा" म्हणायची आणि एकेक बाई चालायची. मान खाली, पदर डोक्यावर, पाऊल मोजकं. देवळाची एक पायरी चढायला सुनेचा खांदा लागणाऱ्या लक्ष्मीबाई अशा सरळ चालल्या, की मी तोंडाला पदर लावला. संध्याकाळी मैथिली डोकं धरून बसली. तिच्या आकड्यांप्रमाणं अणदुरात एकाही बाईचा गुडघा दुखत नव्हता.

"मावशी, कॅमेऱ्यापुढं ठणठणीत, बाजूला झाल्या की लंगडतात. असं का गं?"

मी म्हटलं, चालून दाखव असं तुला कधी कुणी म्हटलं नाही का? ती हसत सुटली. परवाच तिला पाहायला लोहाऱ्याहून पाहुणे आले होते. मुलाच्या आत्यानं चालायला सांगितलं, तर हिनं चालता चालता स्वतःच्या गुडघ्याचा कोन सांगितला. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. आमच्या पिढीला मात्र माणसं बघत बसली की चालायचं एकच चालणं शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना सरळ सांगून टाकलं, की इथं कुणी पसंत-नापसंत करायला बसलेलं नाही, घरात चालता तशा चाला. मग काय, लंगडण्याची चढाओढ लागली. लक्ष्मीबाई तर एकट्याच दोघींच्या वाट्याचं लंगडल्या. खळं हसून हसून आडवं झालं.

आत्याबाई तेवढ्या पुन्हा सरळच चालल्या.

त्यांचा डावा गुडघा भाकरीगत सुजलेला होता. मैथिलीनं समजावलं, की भार कुठं येतो ते कळलं तर व्यायामावर भागेल, अजून बरीच वर्षं शेतात जाता येईल. असंच झाकत राहिलात तर हा पाय धरून घरात बसायची वेळ येईल. मग विचारलं, लहानपणी हा गुडघा पिरगळला होता का? आत्याबाईंनी बाजेवर सुपारी कातरत बसलेल्या तात्यांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं, एकवार बघितलं आणि न्हाय म्हणाल्या.

मला ठाऊक होतं. एकदा तेल चोळताना त्या बोलून गेल्या होत्या. लग्नाआधी खो-खोत खांबाला वळताना गुडघा फिरला होता, आणि आईनं पाहुण्यांपुढं सरळ चालायला शिकवलं होतं. फसवून लग्न केलं असं तात्यांना वाटू नये म्हणून बाई तेव्हापासून तात्यांपुढं सरळ चालत आली. घरात आम्हीही 'आत्याबाई सावकाश येतील' एवढंच म्हणायचो. 'लंगडणं' हा शब्द कुणी काढत नव्हतं.

कॅमेरा गुपचूप चालू ठेव, असं मी मैथिलीला सुचवलं. चोरून मोजलेला गुडघा नको, म्हणाली. आणि गोळे काढायला वाकली.

तेवढ्यात तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुला पाहून निघालो अन् वाटंत ध्यानात आलं, टोपी तिथंच राहिली. माघारी आलो, तर तू मागच्या अंगणात शेळीमागं पळत हुतीस. ही एवढी हसत हुतीस."

आत्याबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला. त्यांनी तो सावरला नाही.

"मग बोलला का न्हाय एवढी वर्षं?"

"तू एवढ्या झोकात चालायचीस. म्हणलं, चालू दे." तात्या मिशीत हसले. "पर आता पोरीचं काम अडलंय. लंगडतीस तू, सारजा. तवाबी लंगडत हुतीस. तसंच बघून व्हय म्हणलोय म्या."