फुलाफुलांचा खिसा

अब्बांच्या चाळिसाव्याला तीन दिवस उरले होते, तेव्हा नूरीनं त्यांच्या दुकानाचं शटर उचललं. एटापल्लीच्या बाजाररस्त्यावर एखादं दुकान सदतीस दिवस बंद राहिलं, तर लोक शेजारी चौकशी करतात. गफ्फार मास्तरांच्या दुकानाची कुणी केली नव्हती. मास्तर गेले, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत शिवून झालेले कपडे खुंट्यांवर तसेच टांगलेले होते, प्रत्येकाला नावाचा कागद टाचलेला. ज्याचं त्याला देऊन टाकायचं, एवढंच काम अंगावर घेऊन ती चंद्रपूरहून आली होती. तिकडे ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पुस्तकं ज्याची त्याला देणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. इथं मात्र प्रत्येक कपडा उतरवताना हात जड होत होता.

"तुया बापानं गळा कसा बराबर बंद शिवला पाहाय," आपलं ब्लाऊज न्यायला आलेली धुरपताबाई ते उलटंपालटं करत म्हणाली. "म्या म्हटलं, मास्तर, वरपर्यंत घ्या. काऊन म्हणून एका शब्दानं पुसलं नाई. माया घरच्यानं मात्र तीनदा पुसलं."

नूरी हसली. सदतीस दिवसांत पहिल्यांदाच असेल. अब्बांच्या मापाच्या वहीत आकड्यांखाली कधीकधी दोनच शब्द असायचे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं: विचारू नये. कुणाच्या पोटापाशी जागा सोडायची असे, आणि ती कशासाठी ते घरच्यांना अजून कळलेलं नसे. कुणाची एक बाही आखूड करायची असे. कुणाच्या छातीला ऑपरेशननंतर एका बाजूनं कापड भरायचं असे. गावाची शरीरं त्या नऊ वह्यांत होती. अब्बा त्या पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवत. गल्ल्याला त्यांनी कधी कुलूप लावलं नाही.

जीप दुकानासमोर थांबली, तेव्हा धुरपताबाई अजून तिथंच होती. फौजदार धम्मदीप उतरले. मूळचे राजुऱ्याचे, तिशीही न गाठलेले. मागोमाग हवालदार चैतू, काखेत एक पोतं. चैतूनं आत येताच टोपी काढली.

"मास्तर गेले तवा मी जंगलात होतो, बाई. मातीले येता आलं नाई. माया पोरीचे शाळेचे सारे फ्रॉक याच मशीनवर झाले."

मग त्यानं पोत्यातून पाच हिरव्या पँटी काढून टेबलावर ठेवल्या. त्यांना ओल्या मातीचा वास येत होता. धम्मदीपनी एक पँट उलटी केली आणि आतला खिसा बाहेर ओढला. पिवळ्या कापडावर लाल फुलं.

अब्बा आतल्या खिशाला विकतचं कापड लावत नसत. ब्लाऊजचे उरलेले तुकडे जपून ठेवत आणि त्यांचे खिसे करत. तलाठी असो की शाळेचा हेडमास्तर, बाहेरून साधी पँट आणि आत फुलं. लोक हसत, आणि त्यावरूनच शिवण कुणाची ते ओळखत.

"अगे माय! हे त माया पोरीच्या लग्नातल्या ब्लाऊजचं कापड!" धुरपताबाई मोठ्यानं म्हणाली. मग समोर कोण उभं आहे ते ध्यानात येऊन तिनं तोंडावर पदर धरला. "साहेब, माई पोरगी जंगला-बिंगलात गेली नाई हो. थे राजुऱ्याले नांदून राह्यली."

"खिशावरून पोरीले कोण धरते, बाई," चैतू म्हणाला. "बसा तुमी."

पँटी जंगलात पुरलेल्या एका ड्रममध्ये सापडल्या होत्या. "काम मास्तरांचं आहे, यात शंका नाही," धम्मदीप म्हणाले. "कुणासाठी शिवल्या, ते हवंय. वह्या सगळ्या द्या. ठाण्यात बसून बघतो, आठ दिवसांत परत करतो."

"सगळ्या कशाला?" नूरीनं विचारलं.

"कोण कितीदा आलं, कुणी काय शिवून नेलं, सगळंच बघता येईल." आवाजात दमदाटी नव्हती, थकवा होता. "मागच्या महिन्यात पुलाखाली सुरुंग सापडला. या ड्रममध्ये त्याच वायरचं बंडल होतं. सकाळची बस त्याच पुलावरून जाते."

त्या बसनं नूरी परवाच आली होती. पुलाअलीकडं गाडी वीस मिनिटं थांबली होती. दोन पोरगेलेसे शिपाई उन्हात यंत्र जमिनीवरून फिरवत, एकेक पाऊल टाकत पूल ओलांडत होते. बसमधले लोक कुरकुरत होते. नूरीनं पुस्तकातून मान वर केली नव्हती. ते पान कुठलं होतं, हेही आता तिला आठवेना. आपल्याआधी कुणीतरी तो रस्ता आपल्या पायांनी तपासला होता, आणि आपण त्याच्याकडं साधं पाहिलंही नव्हतं.

"तुमच्या माणसांमुळे मी इथवर पोचले," ती म्हणाली. "वही दाखवणार नाही, असं मी म्हणत नाही. पण या वह्यांत बायकांची अंगं आहेत, साहेब. आजारपणं आहेत. हवं ते पान मी तुमच्यासमोर शोधते."

"माया गळ्याचं पान त मुळीच दाखवू नोको," धुरपताबाईनं बजावलं.

लेकीचं लग्न मागच्या वर्षी फेब्रुवारीत झालं, हेही तिनंच सांगितलं. नूरीनं पेटी उघडली, सातवी वही काढली आणि ती स्वतःकडं धरून पानं उलटू लागली. अब्बांचं अक्षर उजवीकडं झुकलेलं, आकडे टपोरे. डोळे भरून आले तेव्हा ती थोडी थांबली. चैतू उगाचच रस्त्याकडं बघत राहिला.

पान सापडलं. पाच नावं, लटारूपासून झाडूपर्यंत. कंबर, उंची, मोरी म्हणजे पँटच्या तळाचा घेर. पुढे लिहिलं होतं: वणव्याचे मजूर, ठेकेदाराचा हिरवा रंग. जंगलात आग लागली की जाळपट्टे काढायला जाणारी ही माणसं. इथं अब्बा सुटले होते. चोरून शिवणारा माणूस असं नावनिशीवार लिहीत नाही.

पण त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात, बावीस दिवसांनंतरच्या तारखेला, तीच पाच नावं आणि तीच मापं पुन्हा होती. शिलाईचा आकडा नव्हता. खाली दोन शब्द: विचारू नये.

पाच पँटी बावीस दिवसांत फाटत नाहीत. त्या कुणाला तरी दिल्या गेल्या, नाहीतर कुणीतरी नेल्या. हे पान टेबलावर ठेवलं की अब्बांचं नाव स्वच्छ होणार होतं आणि पाच मजूर जीपमध्ये बसणार होते. नाही ठेवलं, तर पोलिसांच्या कागदावर गफ्फार टेलर हे नाव कायमचं त्या ड्रमला चिकटणार होतं.

"पान मिळालंय," ती म्हणाली. "पण यात माणसांची नावं आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी ते देणार नाही."

"बाई, मी आदेश आणून सगळं जप्त करू शकतो."

"करू शकता. आधी विचारलंत, म्हणून आभारच मानते."

"आणि माझ्या अहवालात आज एकच नाव आहे. तुमच्या वडिलांचं."

वही मिटताना आणखी एक पान नूरीच्या नजरेला पडलं. तिनं चटकन त्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "साहेब, तुम्ही जरा इकडं येता? एकटेच."

ते टेबलाला वळसा घालून आले. तिनं हात बाजूला केला. फौजदार साहेब. गणवेश. डावा खांदा पाऊण इंच खाली, आत कापड भरणे. विचारू नये.

धम्मदीपच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे तुम्ही..."

"मी काहीच म्हणत नाही. ठाण्यात ही वही उघडली असती, तर हेही सगळ्यांनी वाचलं असतं, एवढंच."

"मास्तरांनी खरंच विचारलं नव्हतं," ते पानाकडं बघत म्हणाले. "माप घेताना नुसती मान हलवली होती. उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो, बाई. त्यापुढं माझ्या हातात नाही."

जीप गेली. धुरपताबाई अजून पायरीवरच बसलेली होती. "साहेबापुढं बोलली नाई, पण अशा हिरव्या पँटी वणव्यावालेच घालते. त्यायचा लटारू आमच्याच टोल्यावरच्या वस्तीतला," ती उठत म्हणाली. "सांगीन त्याले. येईन नाईतर नाई येईन, थे त्याच्यावर."

"जबरदस्ती करू नका, मावशी. ते आले नाहीत तर मी देणार नाही, हेही सांगा."

हे बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय कबूल केलं ते. संध्याकाळपर्यंत ती मशीनजवळ बसून राहिली. लोक येत होते, कपडे नेत होते, अब्बांबद्दल दोन शब्द बोलत होते. कुणी काकड्या ठेवून गेलं, कुणी मोहाच्या फुलांची पुडी. या माणसांत अब्बांचं नाव उद्या उणं होणार असेल, तर ते आपल्यामुळे होईल. तरी अब्बा असते तर त्यांनी काय केलं असतं, याबद्दल तिच्या मनात तीळभरही संशय नव्हता. त्यांनी आपल्याला एवढी सरळ वाट आखून दिली, याचंच तिला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेअकरा झाले तरी कुणी आलं नाही. धम्मदीप आणि चैतू येऊन बसले. बारा वाजून गेले. धम्मदीपनी घड्याळाकडं बघणं सोडून दिलं होतं. सव्वाबाराला रस्त्यावरून पाच माणसं येताना दिसली. पाचही जणांनी हिरव्या पँटी घातल्या होत्या, आणि त्यांच्या पुढं धुरपताबाई चालत होती, एखादी वरात घेऊन यावं तशी.

"उशीर झाला. हा झाडू तयारच होत नोयता," ती म्हणाली.

लटारू म्हातारा, बारीक. आत आल्या आल्या त्यानं आपला खिसा उलटा केला. निळ्यावर पांढरी फुलं.

"हे दुसऱ्या वेळचं, साहेब. पयल्या वेळचे थे," टेबलावरच्या पँटीकडं बोट दाखवत तो म्हणाला. "आमी झोपडीत होतो. बंदूकवाले आले. तांदूळ नेला, मीठ नेलं, पँटी नेल्या."

"दीड वर्ष झालं! सांगितलं काऊन नाही?" धम्मदीपच्या तोंडून राजुऱ्याची बोली निघाली.

"सांगतलं असतं त थे म्हणते, खबऱ्या. नाई सांगतलं अन् तुमाले दिसलं, त तुमी म्हणता, तुमीच देल्ल्या. मंग चूप राह्यलो. पण पँट नसन त ठेकेदार कामावर घेत नोयता. मास्तरकडे आलो, म्हटलं पुन्हा शिवा. मास्तरनं टेप बी नाई काढला. म्हणे, मापं आहेत. पैशाचं नाव नाई." लटारूनं नूरीकडं पाहिलं. "तू आमची नावं नाई देल्ली म्हणून आलो, बाई. देल्ली असती त पळून गेलो असतो."

"मापा आता," झाडू पुढं होत म्हणाला. "आमचंच अंग हाय. आमी देतो."

नूरीनं अब्बांची फीत गळ्यात घातली. एकेकाला उभं करून ती माप घेत गेली. चैतू मातीनं माखलेल्या पँटी एकेक उलगडून आकडे सांगत होता. पाच कंबरा, पाच उंच्या, सगळं जुळत गेलं. झाडूची कंबर तेवढी दीड इंच वाढली होती.

"ठेकेदाराची मेहरबानी दिसते," चैतू म्हणाला, आणि झाडूसकट सगळे हसले.

धम्मदीपनी जबाब लिहिला. चोरी झाल्याची फिर्याद म्हणून लिहिला, आणि पाच जणांची नावं वेगळ्या कागदावर घेऊन तो पाकिटात बंद केला. नूरीनं अब्बांच्या कात्रीनं ते एकच पान वहीपासून सोडवलं. उरलेल्या पट्टीवर धम्मदीपनी सही केली: या वहीतील एक पान घेतले, इतरांची पाने पाहिली नाहीत.

"मास्तरांचं नाव अहवालातून काढतो," ते म्हणाले. मग, जरा वेळानं, "नाही, ठेवतो. मदत केली म्हणून."

सगळे बाहेर पडले तरी ते रेंगाळले. उजव्या हातानं डावा खांदा चाचपत होते. "आतलं कापड सरकलंय," अगदी हळू म्हणाले. "पंधरवडा झाला. दुसऱ्याकडं न्यावंसं वाटत नाही."

नूरीला अब्बांसारखं शिवता येत नव्हतं. पण टाका घालता येत होता.

"शर्ट ठेवून जा, साहेब. परवा अब्बांचा चाळिसावा आहे. जेवायला या, तेव्हा घेऊन जा."

चैतूनं जीपमधून त्यांचा दुसरा शर्ट आणून दिला आणि स्वतः पाठ करून दारात उभा राहिला. नूरीनं तुकड्यांची पिशवी सोडली. भरायला मऊ, न टोचणारं कापड हवं होतं. तळाशी पिवळ्यावर लाल फुलांचा एक तुकडा अजून शिल्लक होता. तिनं तो काढला, चारपदरी घडी घातली आणि सुई ओवायला उजेडात येऊन बसली.