चमचाभर ढग, बाटलीभर आभाळ

समजा, तुमच्यासमोर एक पाव आहे. लांबडा, अख्खा. सुरी घ्या आणि त्याच्या पातळ पातळ चकत्या करा. प्रत्येक चकतीचा एकेक फोटो काढा. झालं? आता पाव खाऊन टाका. पाव संपला, पण फोटोंचा गठ्ठा उरला. त्या गठ्ठ्यावरून पुन्हा तोच पाव उभा करता येईल का? खाण्याजोगा नाही म्हणा. पण तोच फुगलेला माथा, तीच एका बाजूला चेपलेली कड?

येईल की. आणि कसा, ते बारकीला ठाऊक होतं, कारण तिच्या मावशीचं पोट त्यावरच भरायचं.

मावशी खेळण्यांचे नमुने घडवायची. आधी कॉम्प्युटरवर बदक तयार करायचं, त्याला चारी बाजूंनी फिरवून बघायचं आणि मग खालपासून वरपर्यंत त्याच्या आडव्या चकत्यांची चित्रं काढून घ्यायची. शेकडो चित्रं. काळ्या चौकोनात पांढरा आकार: आधी बदकाच्या पायांचे दोन ठिपके, मग पोटाचा मोठा गोल, मग मान, शेवटी डोक्यावरची इवलीशी टिकली. पण ही चित्रं तशीच मशीनला देऊन चालत नाही. "नुसती चित्रं म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरं," मावशी म्हणायची. "त्यांची आधी रांग लावायची. मग सगळ्यांना एका फाइलमध्ये बांधायचं आणि फाइलच्या डोक्याशी मशीनसाठी सूचना लिहायच्या: चकती किती जाड, तिच्यावर उजेड किती वेळ. मगच मशीनला ते समजतं."

मशीन टेबलावर मावेल एवढंच होतं. त्याच्या तळाशी मोबाइलएवढी काच आणि काचेवरच्या ट्रेमध्ये करडा, मधासारखा दाट रस. एकेक चित्र काचेवर उमटायचं. चित्रात जिथे पांढरं, तिथून उजेड वर जायचा आणि तिथला रस कडक व्हायचा. जिथे काळं, तिथे अंधार. तिथला रस रसच राहायचा. एक चकती झाली की ती केसभर वर उचलली जायची, की पुढचं चित्र. हे तेवढं नीट ध्यानात ठेवा. बारकीलाही मावशीने हेच सांगितलं होतं, पण तिचं ध्यान तेव्हा ढगात होतं.

ढगाचं प्रकरण दादामुळे सुरू झालं. दादा म्हणजे बारकीचा मोठा भाऊ. त्याला जन्मापासून दिसत नसे, पण त्याची जीभ अशी तिखट की दिसणारे त्याला दबकून असत. तो आता मोठ्या गावच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहायला निघाला होता. रविवारी सकाळची बस. त्या आठवड्यात जेवताना त्याने सहज विचारलं, "पावसाचा ढग कसा असतो गं?"

"कापसासारखा," बाबा म्हणाले.

"छे, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा," आई म्हणाली.

"हत्तीसारखा!" बारकी ओरडली. "कालचा तरी होता."

"आणि बाई म्हणतात, ढग म्हणजे वाफ," दादा घास थांबवून म्हणाला. "म्हणजे एक कापूस भरलेला हत्ती फ्लॉवर खातोय, आणि तो उकळतोयही. तुम्हा डोळेवाल्यांचं एकदा काय ते ठरवा, मग मला कळवा. माझा पत्ता वसतिगृहाचा."

सगळे हसले. बारकीही हसली, पण रात्री तिला ते टोचत राहिलं. दादाने तिला काय काय शिकवलं होतं! अंधारात जिना उतरायला, पावलांवरून माणूस ओळखायला, नुसत्या वासावरून लिंबाला संत्र्यापासून वेगळं काढायला. आणि तिला एक ढग सांगता येऊ नये? सकाळी दात घासतानाच तिने जाहीर केलं, "दादा, तू बसमध्ये बसायच्या आत तुझ्या हातात ढग देते. नाही दिला तर नावाची बारकी नाही."

"मग काय नाव ठेवायचं? जाडी?"

शनिवारी ती सकाळीच मावशीच्या कामाच्या खोलीत जाऊन बसली. मावशीने तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "ढगाला मी आजवर हात लावलेला नाही. पण चल. तुझा ढग, तूच सांग कसा."

बारकी सांगत गेली, मावशी करत गेली. खालून सपाट, टेबलावर ठेवल्यासारखा. वर फुगे, फुग्यांवर फुगे, आणि टोकाला एकच छोटा. "पायथा रुंद आणि वर निमुळता ठेवू," मावशी म्हणाली, "म्हणजे तुझा ढग डगमगणार नाही." दुपारपर्यंत ढग पडद्यावर गरगर फिरू लागला. मावशीने बटण दाबलं आणि त्याच्या चकत्यांची चित्रं एकामागून एक फोल्डरमध्ये येऊन पडली.

"आता रांग तू लाव, फाइल तू बांध," मावशी म्हणाली. "तुझ्या दादाची भेट आहे ना? मी शेवटी बघते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खेळण्यांचा व्यापारी होता. बदकाची चोच त्याला हसरी हवी होती. "अहो, चोच कशी हसेल?" म्हणत मावशी खिडकीशी गेली.

बारकीने चित्रं क्रमाने लावली. एकही चुकलं नाही. चकतीची जाडी भरली, उजेडाची वेळ भरली. मग तिने पहिलं चित्र उघडलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ढग पांढराफटक! दादाने तर पावसाचा ढग विचारला होता. पावसाचा ढग कुठे पांढरा असतो? पांढरे ते नुसते हिंडणारे, कामचुकार ढग. दादाला आयुष्यात एकच ढग मिळणार, आणि तोही बिनपावसाचा? तिने वरच्या पट्टीत शोधलं. तिथे एक बटण होतं: 'काळं-पांढरं उलट करा'. तिने ते सगळ्या चित्रांवर एकदम दाबलं.

ढग काळाकुट्ट झाला. भोवतालचं सगळं पांढरं झालं. "आता कसं!" ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने फाइल बांधली.

आलं ना तुमच्या ध्यानात? तिच्या नाही आलं.

मावशी फोन ठेवून परतली ती बदकाच्या चोचीवर वैतागलेलीच. तिने रांग तपासली, जाडी तपासली, उजेडाची वेळ तपासली. "शाबास, माझ्यापेक्षा नीट बांधलीस," ती म्हणाली. चित्रं मात्र तिने उघडली नाहीत. ती तिने स्वतःच तर काढली होती! शेवटच्या बाटलीतला सगळा रस तिने ट्रेमध्ये ओतला. "ढगाला चमचाभर पुरेल. बाकीच्यात बदक होईल."

मशीन गुणगुणू लागलं. बारकी काचेच्या झाकणाला नाक लावून बसली. मावशीने तिला जेवायला नेलं, पत्ते खेळायला बसवलं, आणि पत्त्यांत ती लागोपाठ हरली, कारण तिचे कान मशीनकडे होते. उन्हं कलली तेव्हा गुणगुण थांबली.

मावशीने हातमोजे घालून झाकण उचललं. आणि तिथेच थबकली.

वर लटकत होती एक वीट. करडी, चौकोनी, साबणाच्या मोठ्या वडीएवढी. आणि ट्रे कोरडाठाक.

"ढग कुठाय?" बारकीने विचारलं.

मावशीने वीट सोडवली, धुतली, उजेडाच्या पेटीत ठेवून पक्की कडक केली आणि मग उलटी धरली. विटेच्या तळाला एक खोल, फुगीर खळगा होता.

"बारके, चित्रांचा रंग कुणी बदलला?"

"मी. पावसाचा ढग काळा असतो ना..." बोलता बोलता बारकीचा आवाज बारीक होत गेला. पांढरं तिथे उजेड, काळं तिथे अंधार. आत्ता आठवलं. "म्हणजे ढग सोडून बाकीचं सगळं झालं?"

"ढग सोडून बाकीचं सगळं," मावशी म्हणाली. "आणि त्याने बाटलीभर रस पिऊन टाकला. नवी बाटली बुधवारी येईल गं. आणि रडू नकोस, चित्रं न बघता फाइल मीही चालवली. दोघींनी मिळून चूक केली, म्हणजे तुझ्या वाट्याला अर्धीच."

बारकीला अर्धीही पुष्कळ झाली. बुधवारी दादा नसणार होता. ती वीट फडक्यात गुंडाळून, डोळे पुसत घरी आली आणि जिन्यातच बसली. पण पावलांवरून माणूस ओळखणाऱ्यापासून कुठे लपणार?

"जिन्यात कोण मुसमुसतंय?" दरवाज्यातून दादाचा आवाज आला. "बारकी की जाडी?"

"जाडी," बारकी म्हणाली आणि तिने भोकाडच पसरलं.

दादा येऊन तिच्या शेजारी बसला. तिने हुंदके देत देत सगळं सांगितलं: काळं-पांढरं, बटण, वीट, कोरडा ट्रे. दादाने हात पुढे केला. "दे बघू."

त्याने विटेवरून तळवा फिरवला. "सपाट. इथेही सपाट. ही तर खरंच वीट आहे. कुणाच्या डोक्यात घालायची?" मग त्याने ती उलटी केली, आणि त्याची बोटं खळग्यात शिरली. बोटं आत गेली, वळली, थांबली, परत फिरली.

"हा फुगा," तो पुटपुटला. "त्याच्या शेजारी हा मोठा. आणि याच्या पोटात आणखी एक... अगं, हे तर वर वर जातच राहतंय!"

"ते बाहेर यायला हवं होतं," बारकी नाक ओढत म्हणाली. "भोवतीचं आभाळच तेवढं आलं."

"आभाळ?" दादाची बोटं थांबली. "म्हणजे हे करडं सगळं आभाळ? आणि मी आत्ता ढगाच्या जागेत हात घातलाय?" आणि तो असा खदखदा हसला की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं. "बारके! लोक आभाळाला ठिगळ लावता येत नाही म्हणून रडतात, आणि तू अख्खं आभाळच छापून आणलंस? ढग काय, कुणीही आणेल!"

बारकी रडता रडता हसली. तोंडाने हसू आणि नाकाने पाणी, अशी तिची त्रेधा उडाली. दादा मात्र उठलाच होता. "चल. माझी माती कुठाय?"

दादाकडे मातीचा एक गोळा होता, ओल्या फडक्यात बांधून ठेवलेला. शाळेत आकार शिकताना तो तिचे शंकू नि घनगोल करायचा. तो स्वयंपाकघरात गेला आणि खळग्यात माती दाबू लागला.

"अरे थांब, चिकटेल ना!" आई म्हणाली. "आधी आतून तेलाचा हात फिरव."

तेलाचा हात फिरला. माती गेली, अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यात दाबली गेली. बाबा पेपर टाकून आले. दादाने वीट पालथी धरली आणि ओट्यावर ठक्क करून आपटली. काही नाही. पुन्हा ठक्क. मग माती हळूच सुटली आणि सपाट पायथ्यावर उभी राहिली: फुगे, फुग्यांवर फुगे. टोकाचा छोटा फुगा तेवढा आतच अडकून बसला.

"एक तुकडा आभाळातच राहिला," बाबा म्हणाले.

"राहू दे. बरसून जाईल," दादा म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी ढग धरला आणि सावकाश, एकही फुगा न चुकवता तो बघितला. "फ्लॉवरच आहे. आई जिंकली. पण ही बाजू... ही बाजू जरा हत्तीची आहे, बारके. सोंड नसलेल्या."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस. आणि आता हा माझा. पण एक सांग, हा काळा आहे ना? मला पावसाचाच हवा होता."

बारकीने ढगाकडे पाहिलं. माती विटकरी होती, ओली, तेलाने चकाकणारी. काळ्याचा मागमूस नव्हता.

"तू हलू नकोस," ती म्हणाली. "अस्साच धरून ठेव."

ती धावत गेली, बाबांच्या टेबलावरची काळ्या शाईची बाटली आणि सगळ्यांत मोठा कुंचला घेऊन आली, आणि दादाच्या हातातच ढग रंगवायला बसली. आधी पायथा, मग एकेक फुगा, आणि ढग संपला तेव्हा उरलेल्या शाईने दादाची दहाही बोटं.