नवरीच्या गाडीतला लाल दिवा

पांडूला एक गोष्ट आयुष्यात कधी लपवता आली नाही, ती म्हणजे लेकीचं कौतुक. सेजलला गाडीचं लायसन्स मिळून वर्ष होऊन गेलं, तरी पोलादपूरच्या बाजारात कुणी भेटलं की पांडूचा हात आपोआप मोबाइलकडे जायचा आणि समोरच्याला त्या लायसन्सचा फोटो बघावाच लागायचा. ज्यांनी आधी बघितला होता तेही मुकाट्याने पुन्हा बघत, कारण नको म्हटलं तर पांडू सगळी कथा पहिल्यापासून सांगायला घेई.

आणि कथा तशी सांगण्यासारखी होतीच. वाडीपासून पोलादपूरपर्यंतचा तो वळणावळणाचा उतार भले भले ड्रायव्हर तोंड वाकडं करून उतरत. सेजल मात्र आपली जुनी पांढरी सात सीटांची गाडी घेऊन रोज उतरायची आणि रोज चढायची. सकाळी कॉलेजची मुलं, मग दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, संध्याकाळी बाजाराच्या पिशव्या. सुरुवातीला पोरीच्या गाडीत बसायला कुणी धजत नव्हतं. आता जागा मिळाली नाही तर लोक रुसत होते.

तरीही पुतणीच्या लग्नात नवरीची गाडी सेजल चालवणार म्हटल्यावर घरात कुरकुर झालीच. नवरी म्हणजे पांडूच्या थोरल्या भावाची, गोमाजीची दिशा. लग्न महाडच्या हॉलमध्ये, मुहूर्त दुपारचा. दिशाचा मामा मालोजी मुंबईहून आला होता, आणि मुंबईहून आलेल्या माणसाला मत असतंच. रोजची सवारी वेगळी, नवरीची गाडी वेगळी, असं त्याचं म्हणणं. पांडूने भरल्या मांडवात छाती पुढे काढून सांगून टाकलं, की सेजलने नवरी वेळेवर नाही पोचवली तर ह्या गावात मला कुणी पांडू म्हणून हाक मारू नका. मग कोण काय बोलणार?

बोलून तर गेला, पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी गाडी झेंडूच्या माळांनी सजली. घरासमोरची जागा उताराची, म्हणून वाडीत सगळेच गाडी लावली की चाकापुढे दगड ठेवतात. ज्याने ठेवला त्यानेच काढायचा, हा नियम. सेजलने आपला दगड उजव्या चाकाला लावला होता. पण पोरंटोरं गाडीवर चढून माळा ओढत होती, ते बघून पांडूला एक दगड पुरेसा वाटेना. त्याने चांगला जाड दगड शोधून आणला आणि कुणाला दिसू नये, कुणी काढू नये, म्हणून मागच्या डाव्या चाकाला आतल्या बाजूने सारून ठेवला. मग कुणीतरी त्याला हळदीकुंकवाचं ताट आणायला पिटाळलं, आणि दगड त्याच्या डोक्यातून साफ गेला.

निघायच्या वेळी सेजलने आपला दगड काढला, गाडी सुरू केली. गाडीला जोरात हिसका बसला आणि खालून खाडकन आवाज आला. काय झालं म्हणून ती उतरायला गेली, तर मालोजीने शेजारच्या सीटवरून तिला बसवलं. बाहेर बेंजो वाजत होता, मुहूर्त गाठायचा होता, गोमाजी आणि वऱ्हाडाला घेऊन टेंपो केव्हाच पुढे गेला होता.

शिवेवर गाडी थांबली. नवरी गावाबाहेर जाताना तिथे नारळ फोडायचा आणि एकदा शीव ओलांडली की नवरीची गाडी मागे फिरवायची नाही, ही वाडीची रीत. सपाटीची तेवढी एकच जागा. तिथून पुढे उतार सुरू होतो तो थेट खालपर्यंत. नारळ फुटला, पांडू नारळाच्या पाण्याने ओले झालेले हात पुसत परत गाडीत येऊन बसला. गाडी शीव ओलांडून हातभर पुढे गेली आणि थांबली. बराच वेळ हलली नाही.

सेजल समोरच्या काचेखालच्या लाल दिव्याकडे बघत होती. तिने हँडब्रेक वर ओढला, खाली सोडला. सोडल्यावर विझायला हवा होता तो दिवा विझला नाही. तिने ब्रेक दाबला, आणि नेहमी अर्ध्यावर अडणारं पॅडल आणखी खाली गेलं. तिने गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली, उतरली आणि आधी चाकांना दगड लावले.

मालोजी हसला. दिवे काय लागतातच, त्याच्या मुंबईच्या गाडीत एक दिवा वर्षभर पेटलेला होता आणि गाडी मजेत चालत होती. त्याने घड्याळ दाखवलं. मागे दिशा मुंडावळ्या सावरत बसली होती, आणि तिची आजी, म्हणजे पांडूची आई बनुबाई, पिशवी मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती.

पांडूला मांडवातलं आपलं वाक्य आठवलं. आज गाडी अडकली तर उद्यापासून लेकीच्या गाडीत कोण बसणार? तो उतरून तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "बाय, हळूहळू काढ ना. तुला काय हा उतार नवा हाय?"

सेजलने त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "नवा नाय म्हणूनच सांगते, बाबा. ब्रेक ऑइल उतरलंय. मी ही गाडी खाली नाय घालणार. आत दिशा हाय."

ती रस्त्यावर आडवी होऊन गाडीखाली शिरली. पांडूही वाकला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती, ठिबकत होतं, आणि बारीक नळीवर ताजा चेचलेला घाव होता. पांडूने तो घाव बघितला आणि त्याला आपला दगड आठवला. निघतानाच्या हिसक्याने तोच उडून नळीवर बसला होता.

वर मालोजी सुरू झाला होता. पोरीला गाडी नीट काढता येत नाही, निघताना केवढा दणका दिला, तेव्हाच आपल्याला कळलं होतं, हे त्याने बनुबाईला ऐकवलं. पांडू गप्प बसला असता तर कुणाला काही समजलं नसतं. दगडावर काय नाव लिहिलेलं नसतं. पण लेकीच्या हाताला बोल लागतोय हे त्याला सोसवेना.

"मालोजीराव, दणका तिनं नाय दिला," तो उभा राहून म्हणाला. "दगड मी लावला व्हता, तिला न सांगता. काढायला मीच विसरलो. आन् आता गाडी तिच्या हातात हाय. ती म्हणते नाय, तर नाय."

मालोजी म्हणाला, मागे फिरता येत नाही, पुढे जाता येत नाही, मग नवरीने काय इथंच बोहल्यावर उभं राहायचं?

तेव्हा बनुबाईने दार सरकवलं आणि रस्त्याकडेने खाली उतरणाऱ्या पायवाटेकडे बोट केलं. "पुढं जायला पाय हायत ना रे? मी ह्याच पायवाटेनं नवरी व्हऊन वर आले. ही खाली जाईल. चल गो दिशा, चपला हातात घे."

मग फोनाफोनी झाली. वऱ्हाडाच्या टेंपोला खाली रस्त्याला थांबवलं. दिशा शालू खोचून, आजीचा हात धरून पायवाटेने उतरू लागली, मागून पांडू आणि आपले मुंबईचे बूट सांभाळत मालोजी. आणि खरं सांगायचं तर, करवंदीच्या जाळ्यांतून उतरणारी ती नवरी माळा बांधलेल्या गाडीतल्या नवरीपेक्षा शंभर पटीने देखणी दिसत होती. सेजल गाडीपाशी थांबली. रस्त्यावर गाडी सोडून ती येणार नव्हती, आणि पोलादपूरचा मुरारी मेस्त्री यायला निघाला होता.

मुहूर्त गाठला, पण अगदी टेकता टेकता. हॉलच्या दारात दिशाचे सासरे वाट बघत ताटकळले होते. नवरी टेंपोतून उतरली, तीही पायाला माती लागलेली, म्हणजे विचारपूस होणारच. मालोजीने तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी पांडूलाच विचारलं, की नवरीच्या गाडीला कोण होतं?

पांडूने सगळं सांगितलं. दगडाचंही सांगितलं. मुरारीचा फोन आला होता तेही सांगितलं: ह्या गाडीचे ब्रेक दुसऱ्या वळणापर्यंतही टिकले नसते.  सासऱ्यांनी मामाबरोबर बोहल्याकडे निघालेल्या सुनेकडे बघितलं.

"मला भेटायचंय त्या पोरीला," ते शेवटी म्हणाले.

पांडूचा हात सवयीने खिशाकडे गेला. तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली आणि मुरारीच्या मागून सेजल उतरली; गाडीपाशी मुरारीचा पोऱ्या थांबला होता. साडीला धूळ, कोपरापर्यंत काळं ऑइल. आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. पांडूने मोबाइल खिशातच राहू दिला.

"ती बघा," तो म्हणाला. 

त्याने आपल्या मुठीतल्या निम्म्या अक्षता लेकीपुढे धरल्या. हात काळे आहेत म्हणून सेजल मागे सरली.

"त्याच हातांनी टाक, बाय," पांडू म्हणाला आणि अक्षता तिच्या ओंजळीत ओतल्या. पिवळ्या तांदळाला काळा डाग लागला. दिशाच्या डोक्यावर त्याच अक्षता पडल्या.