डोक्याकडची दोरी

खोटं कशाला बोलू? नेल डथीवर मी शाळेपासून जळते. तिचे केस कुरळे, माझे सुतळीसारखे, तिथून सुरुवात झाली. मग तिला जॉर्ज डथी मिळाला, मला कुणीच नाही. तिला तीन मुलगे, आणि नातवंडांचा तर घरात बाजार भरलेला. माझ्या घरी मी, रेडिओ आणि एक मांजर. तेही मेलं जेवायला नेलकडे जातं.

पण खरं पोटात दुखतं ते दोऱ्यांवरून. आमच्या किनाऱ्यावर माणूस गेलं की पेटी कबरीत उतरवायला आठ दोऱ्या असतात, आणि कुठली दोरी कुणी धरायची ते आधी ठरतं. डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यात जवळच्या रक्ताच्या माणसाची. जॉर्ज गेला तेव्हा दोऱ्या कमी पडल्या आणि डथी जास्त झाले. दोन पुतणे चक्क रुसून बसले होते! माझा भाऊ गेल्यापासून आमच्या रॉस घराण्यात मी एकटी उरले. माझी पहिली दोरी दफनवाल्याचा पगारी माणूस धरणार, एक डोळा घड्याळावर ठेवून.

आणि आमचं नाव तरी काय, तर रॉस. दुसऱ्या गावात ते साधं नाव असेल. आमच्या गावच्या कोळ्यांना ते चालत नाही. होडीवर, किंवा घरचं माणूस समुद्रावर असताना घरात, कुणी ते उच्चारलं की जाळी रिकामी येणार, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी होणार. पहाटे बंदराकडे जाताना आमच्यापैकी कुणी आडवं आलं की धडधाकट बाप्ये थुंकून, लोखंडाला हात लावून घरी परतायचे. माझे आजोबा तर होड्या निघून गेल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. नेल मला 'एफी' म्हणते, पाठीमागे 'वरच्या आळीची' म्हणते, पण माझं आडनाव तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही.

तर ह्या नेलला परवा आणखी एक नातेवाईक मिळाली. कमी होते ना! कॅनडाहून कॉरीन डोथी नावाची बाई आली, पन्नाशीची, गुटगुटीत, हसरी. तिच्या खापरपणजोबांचा शोध घेत होती. कुठल्या कागदावर तो डोथी, कुठे डॉटी, एका जनगणनेत तर डफी. शेवटी जुन्या नोंदींच्या दफ्तरातल्या लोकांनी तिला सांगितलं, हे सगळे डथीचेच वेडेवाकडे अवतार, त्या गावी जा. आली ती थेट नेलच्या दारात. नेलने अख्ख्या गावात तिला मिरवली. पावाच्या दुकानात नेली, चर्चमध्ये नेली, आणि मग मला चहाला बोलावलं. कशाला, ते मला कळत नाही होय?

"ये गं एफे, बघ, आमच्या जॉर्जचं नाक आहे की नाही हिला?" नेल दारातच म्हणाली.

"जॉर्जचं नाक मोडलेलं होतं," मी म्हटलं. "कुस्तीत."

"मोडायच्या आधीचं!"

टेबलावर ठेवणीतल्या कपबश्या होत्या. मला कधी त्यातून चहा मिळालेला नाही. कॉरीन स्कोनच्या गोल पावाला लोणी लावत होती आणि नेल तिच्या बशीत जॅम वाढत होती, एखाद्या लहान पोरीला वाढावं तसा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"एक गोष्ट विचारू का नेलमावशी?" कॉरीन म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरला होता. "आमच्याकडे एक बोलणं चालत आलंय. पणजोबांना त्यांचे वडील सांगायचे, आमच्या गावात मी किनाऱ्यावर दिसलो की माणसं होडी सोडून घरी जायची. का, ते कधी सांगितलं नाही. त्याने काही वाईट केलं होतं का? चोरी वगैरे? मला खरं सांगा, मी काही मनाला लावून घेणार नाही."

माझा कप बशीवर आपटला. मी नेलकडे पाहिलं. नेल माझ्याकडे बघत नव्हती.

"आणखी एक स्कोन घे," ती कॉरीनला म्हणाली. "गरम आहे तोवर."

"नेल," मी म्हटलं.

"तू पण घे, एफे."

"डथीला बघून होडी सोडून कोण गेलंय गं ह्या गावात? सांग ना! निम्म्या होड्या तर तुमच्याच होत्या."

कॉरीन एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. नेलने जॅमची बरणी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. मला वाटलं, आता ही बया मूग गिळून बसणार आणि माझं माणूस माझ्या डोळ्यांदेखत घशात घालणार.

पण ती बोलली. "माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. कॅनडाचं जहाज मोठं, आपल्या बंदरात शिरेना. बाहेर उभं होतं. थोरल्या जेम्स डथीने माणसं आपल्या होडीतून नेऊन पोचवली. जहाजाचा कारकून शिडीशी नावं विचारत होता. त्यात एक पोरगा होता, ज्याचं नाव जेम्स आपल्या होडीवर घेऊ देणार नव्हता. पोरगा तोंड उघडणार, तेवढ्यात जेम्स ओरडला, हा आमचाच, डथी लिही. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं."

"तुला केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"ही दारात आली तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती. पण किती गोड बाई आहे गं! मला वाटलं, असेलही आमची."

"तुझ्याकडे कमी आहेत का?"

"नाहीत," नेल म्हणाली. "पण कॅनडाची नव्हती."

कॉरीनने हातातली सुरी खाली ठेवली. "मग त्याचं खरं नाव काय होतं?"

नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "नेल सांगेल." मुद्दामच म्हटलं.

नेल पांढरीफटक पडली. "एफे, सँडी समुद्रावर आहे गं." सँडी तिचा थोरला नातू, तिचा जीव की प्राण.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर मला माझीच भीती वाटली. "जाऊ दे नेल, मी सांगते."

"तू गप्प बस." ती उठली, चुलीच्या लोखंडी दांड्याला घट्ट धरून उभी राहिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रॉस." मग मोठ्याने, "रॉस होता तो. तू हिची आहेस पोरी. माझी नाहीस."

कॉरीनने रडत मला मिठी मारली. तिच्या केसांना लोण्याचा वास येत होता. तिच्या खांद्यावरून मला नेलचा चेहरा दिसला. तो चेहरा मी चांगला ओळखते, रोज आरशात बघते. नेल डथी माझ्यावर जळत होती! मला आनंद झाला का? झाला. भरपूर झाला.

पण तिचा हात दांड्यावरून निघेना. मग मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चहा गार झाला. कॉरीनलाही काय ते कळलं असावं, ती खिडकीशी बसून राहिली. धक्क्याच्या टोकाला वळसा घालून सँडीची होडी आत आली तेव्हा नेलने श्वास सोडला, आणि मीही.

थोड्या वेळाने तो दारात उभा राहिला, बूट चिखलाने भरलेले. "काय गं आजी, कुणी मेलं की काय?"

"अजून नाही," नेल म्हणाली. "नीट ऐक. ही एफी रॉस जाईल तेव्हा पहिली दोरी ह्या बाईची. पण ही राहते कॅनडात, विमान चुकलं तर पेटी थांबत नाही. तेव्हा तू धरायची."

नाव ऐकताच सँडीचा हात सवयीने दाराच्या लोखंडी कडीवर गेला. त्याने आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"धरीन की," तो म्हणाला. "कधी आहे?"

"मला घाई नाही," मी म्हटलं आणि त्याच्यासाठी ठेवणीतला कप काढला.