तुडतुडे नसलेला मळा

चहाच्या नमुन्यात कीटकनाशकाचा अंशही सापडला नव्हता, तरीही हिराचे समाधान झाले नाही. सिंगापुरातल्या तांजोंग पगारमधल्या एका चहा आयात करणाऱ्या कंपनीत ती नमुन्यांची पारख करत असे. फवारणीनंतर पुरेसे दिवस थांबले की प्रयोगशाळेचा अहवाल निर्दोष येतो, हे तिला ठाऊक होते. पान मात्र झालेगेले इतक्या सहज विसरत नाही.

तिच्यासमोर गार्गी बसली होती. मूळची पुण्याची, लग्नानंतर निलगिरीतल्या कोटगिरीजवळच्या सासरच्या चहामळ्यात रमलेली. घरच्यांना फवारणी सोडायला तिनेच लावले होते. हिराच्या कंपनीची ही मागणी हाती आली नाही, तर थोरले दीर याच हंगामात पुन्हा औषध मारायला लागतील, हेही तिने पहिल्या भेटीत सांगून टाकले होते. हिराला तो दबाव वाटला होता. त्याच भेटीत गार्गीने "अय्या, मराठी! आडनाव काय तुमचं?" असे विचारले होते, आणि उत्तर ऐकल्यावर क्षणभर थांबून ती जरा जास्तच गोड बोलू लागली होती. ते थांबणे हिराच्या मनातून गेले नव्हते. म्हणून आज ती स्वतःलाही तपासत होती: आपला संशय पानावर आहे, की त्या प्रश्नावर?

तिने भिजून उलगडलेली पाने पांढऱ्या बशीत पसरली.

"बघा. कुठे तांबूस कडा नाही, कुठे आकसलेलं पान नाही. तुमच्या मळ्यातले तुडतुडे उपास करतात का?"

गार्गी हसली. हिरा हसत नाही हे पाहून ती थांबली.

"पण रिपोर्ट क्लीन आहे ना, ताई?"

"विचारलं तेवढंच रिपोर्ट सांगतो. फवारणीही नाही आणि कीडही नाही, असा मळा मी अजून पाहिलेला नाही. आणि ऑफिसात मला नुसतं हिरा म्हणतात."

गार्गीने बशी ओढून घेतली. एक पान नखाने उलटे केले, मग दुसरे. तिचा चेहरा उतरला.

"अप्पांनी निवडलं वाटतं. माझे सासरे. नमुना सिंगापूरला जाणार म्हणून घरातल्या बायकांना बसवून किडकं पान काढून टाकलं असणार. पंगतीसाठी तांदूळ निवडतात ना, तसं. मी तेव्हा कोइमतूरला होते."

"तोडलेला चहा असा कुणी निवडतं?"

"नमुना होता केवढासा! पाहुण्यापुढे किडकं ठेवायचं म्हणजे अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं होतं."

उत्तर फारच सोयीचे होते.

"आणि काढलेलं पान? ते कुठे गेलं?"

"त्याचा चहा आम्ही घरी पितो. फेकतो होय?" गार्गीने पर्समधून एक डबी काढली. "इथे टॅम्पिनीसला मावसबहीण असते, तिच्यासाठी आणलाय. करून बघा."

हिराने चहा केला. कपातून मधासारखा वास आला. तुडतुड्यांनी रस शोषला की पान स्वतःच्या बचावासाठी धडपडते आणि त्या धडपडीतून हा वास येतो, हे तिला माहीत होते. निवडलेल्या नमुन्याहून हा चहा कितीतरी सरस होता. पण डबीला सील नव्हते. ती कोणत्याही मळ्यावर भरता आली असती. तसे तिने बोलूनही दाखवले.

"अहो, मग तुम्हाला पटणार तरी कशानं?"

"अप्पांना फोन लावा, स्पीकरवर. नमुना कसा तयार केला, तेवढंच विचारा."

अप्पा निलगिरीतल्या बडगा भाषेत बोलतात, हे फोन लागल्यावरच हिराच्या लक्षात आले. तिला एक शब्द कळत नव्हता. म्हातारा आवाज आधी अभिमानाने फुलला; मग गार्गी काहीतरी म्हणाली, तसा एकदम चढला.

"काय म्हणाले?"

"निवडलंच म्हणतात. सगळ्या सुना बसल्या होत्या. तुमच्या बाईंना आवडलं ना, असं विचारतात."

"आणि ओरडले कशाला?"

गार्गी घुटमळली. "मी म्हटलं, न निवडलेलं पाठवा. तर म्हणतात, ही बाई लबाड आहे. किडका माल मागवून भाव पाडायचा डाव आहे हिचा."

हिराला हसू फुटले. फसवायला आलेल्या माणसाने हे भाषांतर केले नसते. काहीतरी गोडच ऐकवले असते.

"हा नमुना मी नाकारणार," ती म्हणाली. गार्गीचा हात डबीवर आवळला. "निवडलेलं पान म्हणजे मळ्याचा नमुना नव्हे. पण मळा नाकारत नाही. पुढची खेप तयार झाली की आमचा माणूस येईल आणि न निवडता, समोर सील करून घेईल. या वासाचा चहा निघाला तर भाव कमी नाही, जास्तच मिळेल."

"आणि तोवर दीर?"

फोन अजून चालूच होता. हिराने त्यावर वाकून, सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितले की तिला किडकेच पान हवे आहे.



"व्हाय?" अप्पांनी विचारले.

तिने वासाचे कारण सांगितले. मग अप्पा सुनेशी बराच वेळ बोलत राहिले. गार्गीने डोळे पुसले.

"फवारणीचा पंप ते स्वतःच्या खोलीत कुलपात ठेवणार आहेत. दिरांना देणार नाहीत म्हणतात. पण तुमचा माणूस आला की त्याच्यावर ते नजर ठेवणार."

"ठेवू देत की," हिरा म्हणाली, "मीही ठेवणारच आहे."